दुधी भोपळ्याचं बीपी ११८/७६

दाढ काढायला गेलो आणि दाढेसकट परत आलो. इंजेक्शन भरण्याआधी दातांच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, दोन मिनिटं थांबून पुन्हा बांधला. १६८/१००. "काका, आज नाही काढता येणार. आधी बीपी दाखवून या." मी बीपी दाखवणारं घड्याळ बांधलेलं मनगट पुढे केलं. "अहो, सकाळीच बघितलंय, १२१/७९ होतं." त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ३१ वर्षं मी कॅलिब्रेशन रूम सांभाळली. प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारी काट्याची यंत्रं, तपासणं हाच धंदा. डेड वेट टेस्टरवर, म्हणजे वजनांनी नेमका दाब देणाऱ्या यंत्रावर, गेज चढवायचा, एकेक वजन ठेवत जायचं, काटा कुठे किती चुकतो ते कार्डावर लिहायचं. पास झाला तर हिरवं स्टिकर आणि त्यावर पुढच्या तपासणीची तारीख, नाहीतर लाल. असल्या माणसाने अठराशे रुपयांच्या घड्याळावर भरवसा ठेवून बीपीची गोळी सव्वा महिना बंद ठेवली होती. आकडे रोज इतके छान येत होते, म्हटलं बरे झालो. ती लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

घरी आल्यावर जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. ओट्यावर पवननगरच्या बाजारातून आणलेला दुधी पडला होता. त्याच्या निमुळत्या टोकाला घड्याळ बांधलं आणि बटण दाबलं. मागचा हिरवा दिवा लुकलुकला, पडद्यावर हृदयाचं चित्र धडधडलं, आणि अर्ध्या मिनिटात आकडा आला. ११८/७६. नाडी ७१.

बायको कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, मग त्याला गोळी नको."

तुमच्याकडे बीपी दाखवणारं घड्याळ असेल तर आधी हाच प्रयोग करा. दुधी नसेल तर गुंडाळलेला टॉवेल चालेल. आकडा आला, तर त्या घड्याळाचं बीपी आजपासून बघायचं नाही. पावलं मोजायला ठेवा. नापास करायला एवढं पुरे. पण आकडा आला नाही म्हणून घड्याळ पास झालं, असं मात्र धरू नका.

घड्याळ बघतं काय

मागचा हिरवा दिवा कातडीत उजेड सोडतो. ठोका पडला की शिरांत रक्त जरा जास्त भरतं, उजेड जास्त शोषला जातो, परत कमी येतो. त्यावरून नाडी मोजता येते आणि ती बऱ्यापैकी बरोबर येते. दाब मात्र घड्याळ मोजत नाही. लाटेच्या आकारावरून अंदाज बांधतं. स्वस्तातली काही घड्याळं तर तुम्ही भरलेलं वय बघून "नॉर्मल" माणसाचा आकडा तोंडावर फेकत असावीत, असा माझा दुधीवरून झालेला संशय आहे.

सगळीच तशी नसतात. सॅमसंगच्या काही घड्याळांत आधी दंडाच्या पट्ट्याने तीन वेळा मोजून ते आकडे भरावे लागतात, आणि दर २८ दिवसांनी हे परत करावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ह्यालाच तर आम्ही मास्टर गेजशी, म्हणजे खात्रीच्या गेजशी, ताडून बघणं म्हणतो. ओम्रॉनचं हार्टगाइड आणि हुवावेचं वॉच डी यांच्या पट्ट्यातच हवा भरते, म्हणजे ती मनगटावर खरंच दाबून मोजतात. ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सोय आणखी निराळी. ती आकडा देतच नाही. ३० दिवसांची माहिती बघून "तुमचं बीपी वाढलेलं असू शकतं" एवढीच सूचना देते आणि मग सात दिवस दंडाच्या पट्ट्याने मोजायला सांगते. मला हा प्रामाणिकपणा आवडला. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, लोकांना बजावलं की मंजुरी नसलेल्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर बीपीसाठी विसंबू नका.

मुलीने पुण्याहून मला दुसरं घड्याळ पाठवलं, पट्ट्याशी ताडायचं असतं तसलं. सव्वा महिन्याची गोष्ट कळल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही?" त्या घड्याळाचे आणि पट्ट्याचे मिळून २० जोड-आकडे मी वहीत लिहिले. सकाळी शांत बसलेलो असताना फरक चार-पाचचा. पण एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावाने बोलून आलो तेव्हा पट्टा १५४ म्हणाला आणि घड्याळ १३९. ज्या आकड्यावर ताडलं त्याच्या आसपासच ते घुटमळतं. जेव्हा खबर हवी असते नेमकं तेव्हाच ते गुळमुळीत बोलतं. म्हणून गोळी सुरू, बंद, कमी, जास्त, यातलं काहीही घड्याळाच्या आकड्यावरून करायचं नाही. पट्ट्याच्या आकड्यावरूनही आपल्या मनाने नाही. ते डॉक्टरांचं काम.

आधी पट्टा, आणि पट्ट्याच्या आधी टेप

दंडाला बांधायचं डिजिटल मशीन दोन-अडीच हजारांत चांगलं येतं. मॉडेल तपासलेलं आहे का हे इंटरनेटवरच्या "स्ट्राइड बीपी" या यादीत बघता येतं. दुकानदार "सगळे हेच नेतात" म्हणाला तरी यादी बघा. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचं घ्या.

दुकानात जाताना शिंप्याची टेप घेऊन जा, किंवा घरीच दंडाचा घेर मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. बऱ्याच मशीनबरोबर येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो. माझा दंड २९, चाललं. बायकोचा निघाला साडेचौतीस. माझ्या पट्ट्यावर तिचं बीपी १४८ यायचं आणि ती काळजीत पडायची. मोठा पट्टा मागवला, तर त्याच दिवशी, त्याच खुर्चीत १३७. पट्टा आखूड पडला की आकडा चढतो. मेडिकलवाल्याकडे मोठा पट्टा नव्हता, आठ दिवस थांबावं लागलं. तेवढे दिवस थांबा.

मशीन आणलं की एकदा ते डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्या यंत्राशी ताडून बघा. नंतर वर्षातून एकदा. माझ्या मशीनच्या पाठीवर हिरवं स्टिकर आहे, त्यावर तारीख. जुनी सवय.

मोजायचं कसं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरोघरी चुका इथेच होतात. बाहेरून येऊन, चप्पल काढत, पलंगाच्या कडेवर बसून, फोनवर बोलत बोलत पट्टा बांधणारे लोक मी बघितलेत. मीही त्यातलाच.

चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, चालणं, यातलं काहीही झालं असेल तर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. तुंबून धरल्यावर आकडा १०-१५ ने सुद्धा वर जातो. मग पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं नुसतं बसायचं. पाय जमिनीवर सपाट, मांडी घालायची नाही, एकावर एक पाय नाही. टीव्ही बंद. बाही गुंडाळून वर सरकवू नका, तीच दोरीसारखी आवळते. हात बाहीतून काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. दंड छातीच्या पातळीला हवा आणि हात खाली टेकलेला हवा.

हात टेकण्याचं महत्त्व मला कामामुळे लगेच कळलं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे १० मिलिमीटर पाऱ्याचा दाब हा साधारण १३.६ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. रक्त पाण्याहून किंचित जड, म्हणून तिथे १३ धरा. पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १३ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभरालाही कमी, खाली गेला की आकडा १० ने जास्त येणार. त्यात यंत्राची काही चूक नाही. आमच्या डायनिंग टेबलाची उंची कमी पडते म्हणून मी हाताखाली दोन उशा घेतो. एवढं गणित करत बसायची गरज नाही, पट्ट्याचा मधला भाग छातीच्या मध्याशी आला की झालं.

पट्टा फुगत असताना बोलायचं नाही. आमच्याकडे नेमकी त्याच वेळी मला कूकरच्या शिट्ट्या विचारल्या जायच्या. आता बोटं दाखवतो.

एकदा मोजून झालं की एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा. दोन्ही लिहा. आवडलं तेवढंच लिहायचं नाही. सकाळी चहा आणि गोळीच्या आधी, आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी. असं सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, नव्या यंत्राच्या धास्तीने ते चढलेले असतात. बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजमापात सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ते वाढलेलं धरतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला असते, कारण पांढरा कोट बघून बऱ्याच जणांचं वाढतं. उलटही होतं, दवाखान्यात बरं आणि घरी जास्त. ते जास्त फसवं. अगदी पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा आणि पुढे ज्याचा आकडा जास्त तोच दंड कायम ठेवा. माझा उजवा.

नाडी अनियमित असेल तर पट्टाही गोंधळतो. मशीनवर तशी खूण परत परत दिसली तर आकड्यांच्या मागे न लागता डॉक्टरांना ती खूण सांगा.

आठवडा झाला की मशीन कपाटात. मी सुरुवातीला दिवसातून बारा-पंधरा वेळा मोजत होतो, रात्री दोनला उठून सुद्धा. आकडा जास्त दिसला की भीती, भीतीने आणखी जास्त. शेवटी बायकोने मशीन साड्यांच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे. आता डॉक्टर सांगतील तसं, किंवा औषध बदललं की एक आठवडा.

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या वर गेला तर घाबरून दुसरी गोळी घ्यायची नाही. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर. पण त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, बोबडी वळणं, अचानक कमी दिसणं यातलं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका. १०८ लावा.

मग घड्याळ कशाला

कारण आकडा जिथून येतो तो उरलेला दिवस घड्याळाला दिसतो. निवृत्तीनंतर मला वाटायचं मी बराच हिंडतो. घड्याळाने आठवड्याची सरासरी सांगितली, २,९०० पावलं. किराणा, दूध, पेपर, झालं.

१० हजारांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊल-मोजणीच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या दवाखान्यातून नाही. आपली आठवड्याची सरासरी काढा आणि दर आठवड्याला रोजची ५०० वाढवा. मी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जातो. तीन महिन्यांत ७,००० वर आलो आणि तिथेच राहिलोय. आठवड्याला १५० मिनिटं जरा झपाझप चालणं झालं की पुष्कळ.

झपाझप म्हणजे किती, हे घड्याळातली नाडी सांगते. २२० मधून वय वजा करा. माझं वय ६१, उरले १५९. त्याच्या साधारण ६४ ते ७६ टक्के, म्हणजे माझ्यासाठी १०० ते १२०. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर हा हिशोब लावू नका, त्या नाडी मुद्दाम कमी ठेवतात. तेव्हा साधी कसोटी: बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. रविवारी मी पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो. पहिल्यांदा वर पोचल्यावर नाडी १३८ होती आणि लेण्यांकडे बघायचं भान नव्हतं. दोन महिन्यांनी तोच चढ, १२४, आणि वर जाऊन पाणी न पिता शिलालेखासमोर उभा राहिलो.

घड्याळ सैल असलं की नाडी चुकते. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतपत घट्ट. थंडीत हात गार पडले तरी चुकते. डिसेंबरात निफाडकडून बोचरं वारं यायला लागलं की माझं सकाळचं बीपीही चढतं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ते खरंच चढतं. वहीत मी आता बाजूला "थंडी" असं लिहून ठेवतो, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

पावलांतही फसवणूक आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या एका रस्त्यावरून (नाव घेत नाही) स्कूटरवर गेलो, तर बसल्या बसल्या ६४० पावलं जमा. बायको पोळ्या लाटते तेव्हा तिचीही वाढतात, त्याबद्दल मात्र मी काही बोलत नाही. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून आलं की मोजलीच जात नाहीत.

झोपेचा तक्ता फार मनावर घेऊ नका. पण रात्री मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडल्यासारखं होणं आणि दिवसा पेंग, हे असेल, आणि घड्याळात झोप तुटक दिसत असेल, तर डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडण्याने बीपी वाढलेलं राहतं आणि नुसत्या गोळीने दबत नाही. गोळीची आठवण करून द्यायला तर घड्याळाइतकं चांगलं काही नाही. सकाळी सव्वाआठला मनगट थरथरतं. गोळी तोंडात गेल्याशिवाय मी ते बंद करत नाही, एवढा एकच नियम.

मीठ मात्र कोणत्याच घड्याळाला दिसत नाही. त्यासाठी माझी स्टिकरवाली युक्ती वापरा. मिठाची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते. म्हणजे दोघांच्या घरात किलोची पिशवी १०० दिवस तरी पुरली पाहिजे. आमची ४५ दिवसांत संपली. माणशी ११ ग्रॅम, आणि ते फक्त घरातलं. पापड, लोणचं, चिवडा वेगळे. नाशकात राहून मिसळ सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, मीही सोडलेली नाही. महिन्यातून दोनदा, रस्सा एकदाच, दुसऱ्या वाटीला हात आडवा, आणि पापड शेजाऱ्याच्या ताटात. घरची पिशवी आता ७० दिवस जाते. कणकेतलं मीठ बंद केलं त्याने मोठा फरक पडला. पहिले पंधरा दिवस पोळी पुठ्ठ्यासारखी लागली. "कमी सोडियमचं" म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय आणू नका.

आणखी एक. फॅमिली डॉक्टरांनी त्या १६८ बद्दल विचारलं, "दाढ दुखत होती, मग काय घेत होता?" चार दिवस दुखण्यावरची गोळी घेत होतो, डायक्लोफेनॅक. असल्या गोळ्यांनीही बीपी चढतं. घड्याळ, बंद केलेली गोळी, चालू केलेली गोळी आणि ठणका, सगळं एकाच दिवशी एका दंडावर जमलं होतं. वहीत औषधांसाठी वेगळा रकाना तेव्हापासून आहे, सर्दीची गोळीसुद्धा त्यात जाते.

गोळी पुन्हा सुरू होऊन सात आठवड्यांनी, वही घेऊन, दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या सहायकाने खुर्ची मागे कलवली आणि माझा लोंबता हात तसाच ठेवून पट्टा बांधायला घेतला. म्हटलं, "ताई, खुर्ची आधी सरळ करा, आणि हाताखाली काहीतरी द्या." तिने टॉवेलची गुंडाळी दिली. पाच मिनिटं गप्प बसलो. १३२/८२. दाढ निघाली.